आमच्या घरात कोणी घेत नाही

बुकित पंजांग, सिंगापूर
मंगळवार, १२ जून २००७

अंगठ्यासाठी चौकोन आखून पाठवला आहेस, त्याचं आधी बोलू.

मला सही येते. एकोणऐंशी सालापासून येते. तुझ्या बापाच्या लग्नाच्या अडीचशे पत्रिकांवर पत्ते मी माझ्या हाताने टाकले आणि त्यातली एकही परत आली नाही. आणि तू तिकडे जर्मनीत बसून कागद छापतोस, खाली चौकोन काढतोस आणि शेजारी पेन्सिलीने लिहितोस, 'आजीचा डावा अंगठा इथे'. शाई तेवढी पाठवायची राहिली. एवढा शिकलास, तर आजीला विचारल्याशिवाय तिचा अंगठा धरून चालू नये एवढं तरी कळायला हवं होतं.

आता जय भीम. चि. उज्ज्वल आणि चि. सौ. विभा यांना आजीचे आशीर्वाद.

इकडची खुशाली अशी. तुझा बाप रोज हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जातो आणि घरी आल्यावर कोणाशी बोलत नाही, म्हणजे त्याची तब्येत नेहमीसारखी आहे. तुझ्या आईचं बीपी तुझं पाकीट आल्यापासून वर गेलं, डॉक्टरने गोळी बदलून दिली. तुझी बहीण दर्शू युनिव्हर्सिटीत संशोधन करते. प्रियदर्शिनी असं हातभर नाव ठेवलं आणि हाक मारायला दर्शू. माझे गुडघे पाऊस यायच्या आधी ठणकतात आणि इथे रोजच पाऊस, म्हणून त्यांना सुट्टी नाही.

आमच्या बिल्डिंगीला लागून ती छोटी एलआरटी रेल्वे जाते. परवा दर्शूने सांगितलं की घरांच्या जवळून जाताना त्या गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, आतल्या माणसांनी लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून. दोन वर्षं मी त्या गाडीत बसते आणि मला वाटायचं माझे डोळेच गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चार वेळा जाऊन आले. तो बिचारा दर वेळी सांगायचा, "आंटी, आईज ओके लाह, काही नाही." मी म्हणायचे, याला काय कळतंय.

तुझ्या कागदाचं लिहायला बसले आणि काचांचं लिहीत बसले. असो.

कागद इंग्रजीत होता, दर्शूने मराठी करून वाचला. मी, उज्ज्वलची आजी, लिहून देते की आमचं घर बौद्ध आहे, आम्ही पंचशील पाळतो, तीन पिढ्यांत आमच्याकडे दारूला कोणी शिवलेलं नाही. माझे पती कालकथित उद्धव तायडे हे विहारात लोकांना पंचशील देत असत आणि ते शेवटपर्यंत निर्व्यसनी होते. आमच्या घरात कोणी घेत नाही. खाली चौकोन.

तुझी आई पेन घेऊन उभीच होती. "आई, करून टाका ना सही. त्यात खोटं काय आहे? पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही."

तीन दिवस चष्मा सापडला नाही. तो माझ्या डोळ्यांवर होता. शुभदाला दिसत होता, पण सुनेने सासूला ते सांगायचं कसं?

मला जे समजलं ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांग. गेल्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या कोणाचा तरी निरोपसमारंभ होता. तिथून तू गाडी घेऊन निघालास आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीला धडकलास. गाडीत कोणी नव्हतं. पोलिसांनी रक्त तपासलं, ते एक पूर्णांक सात का काय निघालं. लायसन गेलं. तिकडे असं आहे म्हणे की एवढी प्यायलेल्याला लायसन परत हवं असेल तर नुसता दंड भरून भागत नाही, मानसशास्त्राच्या माणसासमोर बसून परीक्षा द्यावी लागते. मे महिन्यात तू बसलास आणि नापास झालास. जन्मात पहिल्यांदा नापास झालास, म्हणून तुझ्या आईला वाटतं तपासणाराच चुकला.

तू त्याला सांगितलंस की आम्ही बौद्ध, आमच्याकडे कोणी पीत नाही, मीही त्या दिवशी पहिल्यांदाच घेतली. तो म्हणाला, पहिल्यांदा घेणारा एवढी पिऊन उभा राहू शकत नाही, तुम्ही तर गाडी सुरू करून चार किलोमीटर आलात. तुला त्याचा राग आला. मला त्या माणसाला घरी बोलावून चहा पाजावासा वाटला.

त्याने तुला एका वर्गाला जायला सांगितलं. तू म्हणालास, तिथे दारुडे बसतात, मी त्यांच्यात बसणार नाही. आता ऑगस्टात पुन्हा परीक्षा आहे. सप्टेंबरपर्यंत लायसन आलं नाही तर नोकरी जाते, कारण कंपनी तुला गाड्यांचे ब्रेक तपासायला पगार देते. हे वाचून मी हसले. शुभदा तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलते.

आणि हेही जमलं नाही तर तू चेक देशात जाणार. तिथे मित्राच्या घरी राहतो असं दाखवायचं, तिथलं लायसन काढायचं आणि जर्मनीत चालवायचं. म्हणजे एक खोटा कागद चालला नाही तर दुसरा. वर दर्शूला सांगितलंस की सगळ्या युरोपात बघून ठेव, कुठल्या देशात नियम सैल आहेत.

तुझी बहीण तुझ्यापेक्षा लहान आहे, पण अक्कल तिला आधी आली. सैल देश शोधायला सांगितलं, तिने वर्ग शोधून आणले. दोन दिवस संध्याकाळी मी वाल सोलत बसले आणि ती एकेक देश वाचत गेली. इंग्लंडात जज्जच विचारतो, वर्गाला जातोस का? गेलास आणि पुरा केलास तर गाडीबंदीचा काळ चौथा हिस्सा कमी. मला बरं वाटलं, पोराला शाळेत पाठवायला गूळ दाखवावाच लागतो. हॉलंडात दिवसदिवस बसवून घेतात. फिनलंड का स्वीडन, दोन्हीकडे बहुतेक, गाडीतच यंत्र बसवतात. आधी त्यात फुंकायचं, तोंडाला वास असला की गाडी सुरूच होत नाही. स्वीडनला तर दोन वर्षं असं फुंकत राहायचं आणि मधूनमधून डॉक्टरला रक्त दाखवायचं.

मी म्हटलं, "असं यंत्र एकाहत्तर साली असतं तर..."

दर्शू म्हणाली, "तर काय, आजी?"

"तर काही नाही. वाल संपले का बघ."

इथलं तर तुला ठाऊकच आहे. दुसऱ्यांदा सापडला की सरळ तुरुंग. तुझ्या बापाला वाटतं हेच बरं. मला आधी तसंच वाटायचं. पण तुरुंगात कोणी काही विचारत नाही. दिवस भरले की दार उघडतात.

रविवारी दर्शूने एका बाईला जेवायला आणलं. हाना तिचं नाव. ऑस्ट्रियाची आहे, दर्शूच्या खात्यात सहा महिन्यांसाठी आली आहे. तिकडे तिचं कामच हे, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचे वर्ग घेणं. पन्नाशीची असेल. पायात साधी चप्पल. ज्वारीची भाकरी तिने हाताने मोडून खाल्ली आणि ठेचा पुन्हा मागितला, म्हणजे बाई खोटी नव्हती.

मी विचारलं, "वर्गात काय करता? मारता का?"

दर्शू म्हणाली, "आजी!"

"तू फक्त भाषांतर कर."

हाना हसली. मारत नाही म्हणाली, रागावतही नाही. दहाएक जण गोल बसतात. पाच बैठका, काही आठवड्यांत मिळून. पहिल्या दिवशी ज्याने त्याने सांगायचं, त्या दिवशी काय काय झालं, पहिल्या ग्लासापासून. कोणी ओतला, किती वाजता, कशाबरोबर.

"मग सांगतात?"

"सगळे सांगतात, दोन बिअर."

"सगळे?"

"सगळे. मी लिहून घेते, दोन बिअर. मग वाट बघते. दुसऱ्या बैठकीला कोणीतरी म्हणतं, त्याआधी घरी एक घेतली होती. चौथ्या बैठकीपर्यंत दोनाच्या सात होतात."

"आणि पाचव्या?"

"पाचव्या बैठकीला कोणीतरी विचारतं, आता हे घरी जाऊन कसं सांगू?"

तुझा बाप धम्मानंद खाली बघून जेवत होता. मी विचारलं, "घरच्यांचा दाखला आणतात का कोणी? की आमचा माणूस चांगला आहे, पीत नाही?"

तुझ्या आईचा वाढायचा चमचा हवेत राहिला.

हाना म्हणाली, खूप जण आणतात. पाद्र्याचा आणतात, गावच्या प्रमुखाचा आणतात, बायकोचा तर हमखास. एकाने त्याच्या शाळेतल्या बाईंचा आणला होता आणि तो स्वतः पन्नास वर्षांचा होता. आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "मग तुम्ही त्याचं काय करता?"

"फाइलला लावते. आणि ज्याने लिहिला त्याचं मला वाईट वाटतं. दाखला आणणारा बहुतेक वेळा परत सापडतो. तेव्हा पोलीस पहिला फोन त्या लिहिणाऱ्यालाच करतात."

मी ताटावरून उठले. धम्मानंद म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "ठेचा लागला."

बुधवार, १३ जून

काल इथे थांबले. शुभदाला वाटलं सही झाली, ती पाकीट आणि गोंद घेऊन आली. तिला परत पाठवलं.

आता सरळ लिहिते. सरळ लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं.

एकाहत्तर साल. उन्हाळा. तुझे आजोबा एका सरकारी खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. शेजारच्या गावात आपल्याच लोकांत लग्न होतं आणि ते लावायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचा आवाज चांगला होता. ते त्रिशरण म्हणायला लागले की रडणारी पोरं गप्प व्हायची, हे खरं आहे, ते मी खोटं म्हणणार नाही. वधूवरांना पंचशील दिलं. पाचही दिली. पाचवं दारूचं. मग लोक जेवायला बसले आणि ते चार जणांबरोबर शाळेच्या मागे गेले. परत आले तेव्हा डोळे तांबडे आणि बोलणं गोड. ते गोड बोलायला लागले की मला कळायचं.

मी म्हटलं, "आज इथेच राहू." ते म्हणाले, "उद्या साहेबाला जीप पाहिजे." मी बसले. पुढे, त्यांच्या शेजारी. मांडीवर तुझी आत्या नंदा, दोन वर्षांची. तुझा बाप चौदा वर्षांचा, परीक्षा होती म्हणून घरी राहिला होता.

दिवस अजून पुरता मावळला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कागदावर अंधार लिहिला गेला. रस्त्याच्या कामावरून एक बाई घरी चालली होती, कडेकडेने, डोक्यावर टोपलं. मला ती लांबून दिसली. मी म्हटलं, "अहो, बाई." ते म्हणाले, "दिसतेय." आणि जीप तिच्यावर गेली.

तिचं नाव कासाबाई. चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात वारली. आपल्याच समाजाची होती. एक मुलगी होती तिला. ती मुलगी पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही. मी शोधली नाही. शोधली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं.

फौजदार घरी आला. खाटेवर बसला, पाणी प्याला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाई, तुमचा नवरा घेतो का?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरात कोणी घेत नाही. आम्ही पंचशीलवाले."

उज्ज्वल, हेच शब्द. तू कागदात घातलेस तेच. तुला कोणी शिकवले मला माहीत नाही. हे शब्द घरात असतातच बहुतेक, मिठाच्या बरणीसारखे. लागले की हात जातो.

मग त्याने विचारलं ती बाई कुठून आली. मी म्हटलं, एकदम आडवी आली, अंधार होता. त्याने लिहिलं. मी अंगठा दिला. डावा.

आता तू म्हणशील, नवऱ्याच्या मायेपोटी केलं. मायेचं मला सांगू नकोस. पगार होता आणि पदरात दोन लेकरं होती, हे एक. पण खरं कारण दुसरं होतं. गावातल्या बाकीच्या आळ्या आमच्याकडे बघून होत्या. छप्पन सालापासून बघत होत्या. देव सोडले, उपास सोडले, आता हे काय करतात बघू. पंचशील देणाराच प्यालेला निघाला असता तर त्यांनी हसायला सुरुवात केली असती आणि ते हसू थांबलं नसतं. "देव सोडले, पण बाटली नाही सोडली." हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. माझ्या कानात मात्र ते रोज वाजत होतं. कोणी न हसलेल्या हसण्याला भिऊन मी एका मेलेल्या बाईवर दोष टाकला. तीही दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून हात जोडून बसत असेल.

तुझे आजोबा सुटले. महिनाभर थेंब घेतला नाही. मला वाटलं, बरं केलं मी, माणूस सुधारला. मग एक दिवस गोड बोलायला लागले. पाच बैठका सोड, त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. पहिला ग्लास कोणी ओतला, हे कोणी विचारलं नाही. कोण विचारणार? कागदावर तर लिहिलं होतं की हा माणूस घेत नाही. आठ वर्षं प्याले. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं कावीळ झाली. पिवळे झाले होते हे खरं. कशाने, ते डॉक्टरने मला दाराबाहेर बोलावून सांगितलं आणि मी दार लावून आत आले.

ते बिछान्याला होते त्याच साली आमच्याकडे प्रौढांचा वर्ग निघाला. मास्तरीण प्रत्येकीला विचारायची, वाचायला यायला लागलं की काय वाचणार? कोणी म्हणाली एसटीची पाटी. कोणी म्हणाली भावाचं पत्र. मी म्हटलं, डाळीच्या पुडीचा कागद. सगळ्या हसल्या. मला तो फौजदाराचा कागद वाचायचा होता. अंगठा दिला त्याच्या वर काय लिहिलं होतं ते बघायचं होतं. पुढे सही यायला लागल्यावर एकदा गेले तालुक्याला. तिथल्या कारकुनाने विचारलं, "कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "सहज." त्याने हाकलून दिलं. पण परत येताना एसटीत लक्षात आलं की तो कागद मला वाचायची गरज नाही. सगळा पाठ आहे.

काल रात्रीच्या जेवणाला हे सगळं मी घरात सांगितलं. तुझ्या आधी तुझ्या बापाचा हक्क. शुभदा म्हणाली, "आई, काहीतरीच काय बोलता." दर्शू रडायला लागली, तिला म्हटलं रडू नकोस, पापड मऊ पडतील. धम्मानंद भातावर वरण वाढून घेत होता, भात बुडाला तरी हात थांबेना. मग म्हणाला, "आई, दुसऱ्या दिवशी सकाळी जीप मी धुतली होती."

मी म्हटलं, "तुला तर सांगितलं होतं, रेडकू आडवं आलं."

"हो. बाबांनीच सांगितलं." त्याने वाटी खाली ठेवली. "पण रेडकाच्या अंगावर हिरव्या बांगड्या नसतात, आई. पुढच्या जाळीत काचा होत्या. मी चिमट्याने काढल्या."

छत्तीस वर्षं. एकाच घरात, एकाच ताटवाटीवर, त्याने मला विचारलं नाही आणि मला वाटत होतं त्याला माहीत नाही. तुझा बाप आजवर गाडी चालवायला का शिकला नाही, हे कळलं का तुला? आम्ही सगळे समजत होतो सिंगापुरात गाडी फार महाग पडते म्हणून.

तर, दाखला मिळणार नाही. कागद कोराच परत पाठवते.

पंचशीलाचं तुला एक विचारते, तू शिकलेला आहेस. आपण ते दर पौर्णिमेला का म्हणतो? लग्नात, मरणात, नामकरणात, पुन्हा पुन्हा? एकदा म्हणून काम झालं असतं तर एकदाच म्हणायला लावलं असतं. भांडी घासली म्हणून ती पुन्हा खरकटी होत नाहीत का? तू त्या जर्मन माणसासमोर पंचशील सर्टिफिकेटासारखं ठेवलंस. आजोबांनीही तेच केलं, मीही तेच केलं. ते दाखवायचं नसतं रे. ते न जमलेल्या माणसानेच म्हणायचं असतं, म्हणून तर पुन्हा म्हणायचं.

चेकला जायचं नाही. त्या वर्गाला जायचं. दारुड्यांत बसायचं. तुला कोणाच्यात बसावं वाटतं, प्रोफेसरांच्यात? त्यांना पहिल्या ग्लासापासून सांग. ऑक्टोबरातल्या नव्हे, ज्या दिवशी तू पहिला घेतलास त्या दिवसापासून. पुण्यात होतास तेव्हापासून असेल. मला वास तुझ्या लग्नातच आला होता, बडीशेपेच्या आडून. मी तेव्हाही गप्प बसले, तेही माझ्या खात्यात धर. हे पत्र कोणाकडून भाषांतर करून घ्यायचं असेल तर घे आणि तिथे वाचून दाखव. फक्त कासाबाईचं नाव गाळायचं नाही.

नोकरी गेली तर जाईल. ब्रेक तपासायला त्यांना दुसरा इंजिनिअर मिळेल. तुझी गाडी ज्या गाडीला लागली ती रिकामी होती. ती रिकामी होती, ती काही तू हुशार म्हणून नव्हे.

आता राहिली एक ओळ. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी होती आणि दर्शूने ती हळू आवाजात वाचली. 'विभाने तिच्या कागदावर सही केली आहे, आता फक्त आजीची बाकी.'

त्या ओळीने माझी झोप घालवली, तुझ्या एक पूर्णांक सातने नव्हे. पोर पंचवीस वर्षांची. परक्या मुलखात, भाषा नवी, ओळखीचं माणूस तू एकटा. तू कागद पुढे केलास आणि तिने सही केली. तिने काय लिहून दिलं ते मला वाचायची गरज नाही. ते लिहून देणारीचं डोकं मला आतून माहीत आहे. तू घरी येतोस तेव्हा ती आधी किल्लीचा आवाज ऐकत असेल, पहिल्या फेरीत कुलूप उघडलं की नाही ते. मग तुझं बोलणं गोड आहे का ते. फोनवर आईला सांगत असेल, "हे दमून झोपलेत." हे सगळं ती प्रेमाने करते असं तुला वाटत असेल. थोडंफार असेलही. बाकीचं काय असतं ते मी वर लिहिलं आहे.

म्हणून ऐक. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तू फार छान लिहितोस, मला माहीत आहे. तुझ्या बापाने फोन करायचा नाही, शुभदाने मध्ये पडायचं नाही, हे मी इकडे सांगून ठेवलं आहे. उत्तर विभाने लिहायचं. मराठीत, स्वतःच्या हाताने, किती वेळा आणि काय काय ते सगळं, आणि बंद करून थेट माझ्या नावाने टाकायचं. तिने काहीही लिहिलं तरी मी ते कोणाला दाखवणार नाही, हे तिला वाचून दाखव. आणि ती लिहायला बसेल तेव्हा तू तिच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं नाही, चहा करून आणायचा नाही. घराबाहेर जायचं आणि तिचं लिहून होईपर्यंत फिरत राहायचं. पायी.

तुझी आजी,
शांताबाई